शेऱ्याचा रकाना

देवरे सर म्हणाले, बाई, जडवस्तू नोंदवहीत
वर्णन मराठीतच हवं,
तपासणीवाले इंग्रजी शब्दाखाली लाल रेघ ओढतात.
म्हणून शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर
दरपत्रक पर्समध्ये घडी करून
मी धुळ्याची एस.टी. धरली
आणि स्टँडवरून पाचकंदीलपर्यंत चालत गेले.

भटू शिंपी यांच्या दुकानात
पाठ उघडी पडलेले चार प्रोजेक्टर,
एका ताटलीत स्क्रू, दुसरीत भेळ.
मी वही काढली तसे ते हसले,
"लिखी ल्या, ताई."

ल्युमेन म्हणजे उजेड किती पडतो ते.
पण कुणी मोजला, कुठे मोजला, हेही विचारायचं,
दूधवाल्याला आपण माप उलटं करून दाखवायला लावतो तसं.
खोक्यावर पाच हजार आणि भिंतीवर दोनशे
असेही येतात, म्हणाले, तुमच्या दरपत्रकातला तिसरा त्यातलाच.

नेटिव्ह रिझोल्यूशन म्हणजे घरची माणसं.
सपोर्टेड म्हणजे पंगतीला बोलावलेली.
राहतात आठशे, बसवतो म्हणतो एकोणीसशे.
बसतात की,
एकमेकांच्या मांडीवर.

थ्रो: दोन मीटर रुंद चित्र हवं
तर हे मशीन चार मीटर मागे सरकतं.
मी डोळे मिटून सातवीचा वर्ग मोजला.
चार मीटर मागे
खिचडीच्या तांदळाची कोठी आहे.

कीस्टोन लिहिताना माझं अडलं.
त्यांनी मशीनखाली पक्कड सरकवली, तोंड वर केलं,
आणि भिंतीवरचा चौकोन सूप झाला,
वर रुंद, खाली निमुळता.
बटण दाबून सरळ होतं, म्हणाले,
पण ते चित्र कातरून सरळ करतं.
त्यापेक्षा टेबलाखाली दोन विटा द्या.

दिवा चार हजार तास.
त्यानंतर विझत नाही, अर्धा होतो.
इतका हळू की रोज बघणाऱ्याला कळतही नाही.
मी सव्वीस वर्षांचे तास करायला घेतले होते,
मध्येच सोडले.

मग कॉन्ट्रास्ट. दहा हजारास एक.
"हे कितीचं काळं दाखवेल?" मी विचारलं.
ते थांबले. हातातली भेळ खाली ठेवली.
"काळं काही मशीन फेकस नही, ताई.
काळं ते तुमनी खोलीमाच ऱ्हास.
उजेड इकत भेटस,
अंधार तुमलेच करना पडी."

परतीच्या एस.टी.त ऊन खिडकीच्या काचेतून मांडीवर,
एप्रिलचं, पांझरेच्या कोरड्या वाळूवरून उसळून आलेलं.
आमच्या वर्गाला सहा खिडक्या, एकीलाही दार नाही,
पत्र्याला खिळ्यांची भोकं.
या उन्हापुढे कुठलं दहा हजारास एक!

सोमवारी मी मुलांना सांगितलं, अंधार आणा.
ममता मालचेनं टरबुजाच्या वावरातला
उरलेला मल्चिंग पेपर आणला, डोक्यावर गुंडाळी करून,
एक बाजू चंदेरी, एक काळी.
कुठली बाजू आत, यावर वाद झाला.
भोकांना शेण लावलं. दाराशी सतरंजी धरून दोघे उभे राहिले.

महिन्याभरानं मशीन आलं, पहिलं, दरपत्रकातलं दुसरं नव्हे.
विटा तीन लागल्या.
भिंतीवर समुद्र आला, आणि समुद्रात
एक पांढरा ठिपका, हलेना.
मेलेला पिक्सेल, मी म्हणाले, भटूभाऊंनी सांगितला होता.
मेलाय तर चमकतो कसा? सतरंजीमागून कुणीतरी विचारलं.
ते मी त्या दिवशी विचारलं नव्हतं.

अकरा वाजून दहा मिनिटांनी वीज गेली.
पंखा आतल्या आत थांबला. तो चालू राहायला हवा होता,
दिवा निवेपर्यंत. मी मशीनवर वही हलवत राहिले,
तापलेल्या पोराला वारा घालावा तशी.
अंधारात कुणी हललं नाही.
"बाई," ममता म्हणाली, "आत्ता झालं खरं काळं."

नोंदवहीत मी लिहिलं:
प्रकाशचित्रक, नग एक.
उजेड: सांगितला त्याहून थोडा कमी.
शेऱ्याच्या रकान्यात पेन बराच वेळ टेकवून ठेवलं.
मग लिहिलं, अंधार शाळेचा.
देवरे सरांनी चष्मा वर करून वाचलं,
काही न बोलता सही केली,
आणि विचारलं, मल्चिंग पेपरची नोंद
कुठल्या पानावर घेतलीत?